बूच ओढणारा हात

जपानमधल्या पहिल्याच संध्याकाळी मी टबाचं बूच ओढलं.

नुसतं ओढून थांबलो नाही. पाणी गुरगुरत खाली गेल्यावर कोपऱ्यातला ब्रश घेतला, गुडघ्यांवर बसलो आणि टब आतून घासून लख्ख केला. साखळीचं काळं रबरी बूच धुऊन काठावर ठेवलं. मग कपडे घालून, भांग पाडून, शहाण्या पाहुण्यासारखा बाहेर आलो. दाराबाहेर घरच्या बाई उभ्या. खांद्यावर टॉवेल. त्यांच्यामागे त्यांचे यजमान. त्यांच्याही खांद्यावर टॉवेल. मी कमरेत वाकलो आणि पाठ करून आणलेलं वाक्य म्हटलं, “फार छान होतं.”

बाईंनी आत डोकावलं. कोरडा, चकचकीत टब. “आरा,” म्हणजे अगंबाई, एवढंच म्हणाल्या आणि तोंडावर हात ठेवला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जपानी घरात टब एकदाच भरतात. साबण लावून अंग धुवायचं ते टबाबाहेर, बुटक्या स्टुलावर बसून. स्वच्छ झालात की मग गरम पाण्यात उतरायचं. तुमच्यानंतर दुसरा, त्याच्यानंतर तिसरा. पाणी तेच. सकाळी उरलेलं पाणी नळी लावून कपड्यांच्या मशीनमध्ये. आणि घरात पाहुणा असेल तर पहिला मान पाहुण्याचा.

आता माझी खरी अक्कल ऐका. हे सगळं मला माहीत होतं. विद्यापीठाने पाठवलेल्या पत्रकात होतं. मी ते विमानात वाचलं होतं आणि ‘पाणी सोडू नये’ या ओळीखाली पेनाने दोन रेघा मारल्या होत्या. तरी हात गेला आणि बूच ओढून मोकळा झाला.

टब परत भरायला अर्धा तास लागला. तोवर यजमान, म्हणजे आजोबा, टीव्हीसमोर हवामानाच्या बातम्या बघत बसले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी उतरवला नाही.

मी पीएचडीसाठी आलो होतो. पहिले दोन महिने फुनाबोरी भागातल्या या जोडप्याकडे राहायचं, मग स्वतःची खोली बघायची, अशी विद्यापीठाची व्यवस्था. बाई म्हणाल्या, मला ओकाआसान म्हण. म्हणजे आई. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि माझं जपानी स्टेशनवर रस्ता विचारण्यापुरतं. त्यामुळे आमचं बोलणं म्हणजे अर्ध्या खाणाखुणा आणि उरलेलं ओकाआसानच्या मोबाइलमधलं भाषांतर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मीच पहिला. या वेळी बूच ओढलं नाही. पण टबात उतरलोही नाही. स्टुलावर बसून अंगावर पाणी घेतलं, झाकण उचलून हाताने पाणी जरा ढवळलं, आणि बाहेर. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. मला वाटत होतं, कोणाला कळणार आहे! सत्तावीस वर्षांचा घोडा, आणि चोरून टबात न उतरण्याचा उद्योग.

पहिल्या रविवारी जेवायला बोलावणं आलं. जवळच्या हिगाशी-कसाईतलं मराठी कुटुंब. काका बँकेत, मुंबईहून इथल्या शाखेत आलेले. सहावं वर्ष. ओकाआसान वॉर्डाच्या वर्गात परदेशी बायकांना फुकट जपानी शिकवतात, काकू तिथे त्यांच्या विद्यार्थिनी. मी येणार म्हटल्यावर ओकाआसाननीच त्यांना सांगून ठेवलेलं. आडनाव लिहीत नाही. माझंही लिहीत नाही. आपल्याकडे आडनाव सांगितलं की पुढचं कोणी विचारत नाही, आणि मला ते पुढचे प्रश्न ऐकवायचेच आहेत. त्या घरीही मी नुसतं पहिलं नाव सांगितलं होतं.

मी त्यांच्याकडे गेलो आणि बुचाची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. आजोबांचा टॉवेल, ओकाआसानचं “आरा”, माझा भांग. काका हसून हसून खोकायला लागले.

“अगं ऐकलंस का? पहिल्याच दिवशी बूच ओढलं याने!”

“पत्रक वाचलं नाहीस का रे?” काकू.

“वाचलं होतं. रेघा मारून.”

पुन्हा हशा. वरणभात होता, कोशिंबीर होती, मधोमध तुपाची वाटी. मी हात लांब करून तूप घेतलं. परक्या देशात आठवडा काढलेल्या माणसाला तूप दिसल्यावर जे होतं ते झालं. दोनदा घेतलं.

“गाव कुठलं म्हणालास?” काकांनी डोळे पुसत विचारलं.

सांगितलं.

“अच्छा. तिकडे माझे मावसभाऊ होते तहसीलदार. गावात घर कुठे तुमचं?”

“ओढ्याच्या पलीकडे.”

“अच्छा, अच्छा.”

पहिला अच्छा एकदा होता. हा दोनदा होता. मी हे ऐकत मोठा झालोय, मला मोजता येतं.

“आणि ही स्कॉलरशिप म्हणजे... सरकारी?”

“जपान सरकारची. परीक्षा देऊन.”

“हो हो, ते आहेच. पण इथपर्यंत पोचेपर्यंत...” वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. असली वाक्यं कोणी पुरी करत नाही. ती पुरी करायचं काम आमच्यावर सोपवलेलं असतं.

मी तिसऱ्यांदा तुपाकडे हात नेला तेव्हा काकूंनी वाटी आपल्याकडे ओढून घेतली. “तू बस, मी वाढते ना.” चमचा माझ्या ताटापासून वीतभर उंच धरून त्यांनी तूप सोडलं. आता ही माया की दुसरं काही? सिद्ध करता येत नाही. या लोकांचं कसब तेच आहे. सिद्ध करता येईल असं ते काही करत नाहीत.

निघताना मी खोलीचा कागद काढला. इथे खोली भाड्याने घ्यायची तर जामीन लागतो. इथे राहणारा, नोकरीवाला माणूस सही-शिक्क्यानिशी हमी देतो, तेव्हा कुठे दलाल दार उघडतो. विद्यापीठाजवळची एक खोली मी हेरून ठेवली होती. काकांनी कागद वाचला, खणात ठेवला. “ये दोन-तीन रविवारांनी. मारून देतो शिक्का. आपल्या माणसासाठी एवढं करायला नको?”

आणि मग, मी बूट घालत असताना, “थांब, त्या बुचाचंही मिटवून टाकतो,” म्हणत त्यांनी ओकाआसानना फोन लावला. अस्खलित जपानी. फोनवर बोलताना ते फोनलाच वाकून नमस्कार करत होते. मला त्यातला एक शब्द कळला नाही. मी कौतुकाने बघत उभा होतो. हो, कौतुकाने.

फोन ठेवून ते म्हणाले, “हे बघ, जपानी माणूस तोंडावर बोलत नाही. पण तू सगळ्यांच्या शेवटी आंघोळ करत जा. त्यांना तेच बरं वाटेल. शेवटी केलीस की बूच ओढलंस तरी हरकत नाही. टबही घासून टाक. तुला सवय आहे.”

“थँक यू, काका,” मी म्हणालो.

थँक यू म्हणालो मी त्या माणसाला.

त्या दिवसापासून मी शेवटी. ओकाआसान आधी, मग आजोबा, मग मी. पहिल्या संध्याकाळी ओकाआसाननी नुसती मान हलवली आणि टॉवेल घेऊन आत गेल्या. म्हणजे काका बरोबर बोलले, यांना खरंच बरं वाटलं. झालं. वीस दिवस मी खोलीत बसून त्यांची पावलं ऐकत राहिलो, की आता झालं, आता मी जाऊ शकतो. पाणी कोमट झालेलं असायचं. कधी उतरायचो, कधी नाही. मग बूच ओढायचो आणि घासायला बसायचो. सकाळच्या कपड्यांना ओकाआसान नवं पाणी घेत असणार, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ब्रश हातात आला की एक जुनं वाक्य कानात यायचं. “चांगलं घासतोस की.” मी ते झटकायचो आणि आणखी जोरात घासायचो.

बाहेरही मान होताच. ट्रेन गच्च भरलेली असायची आणि माझ्या शेजारची जागा रिकामी. त्याचं मला हसू यायचं. त्या लोकांना मी परका दिसत होतो, बस. माझं गाव त्यांना ठाऊक नव्हतं, ओढा ठाऊक नव्हता. गाव ठाऊक असलेला माणूस हिगाशी-कसाईत राहत होता. तो माझ्या शेजारी बसला होता आणि ‘आपल्या माणसासाठी’ म्हणाला होता.

एकविसाव्या दिवशी, शनिवारी, ओकाआसाननी मला टेबलाशी बसवलं. मोबाइल मध्ये ठेवला. बराच वेळ जपानीत काही बोलल्या. मोबाइलमधली बाई निर्विकार मराठीत बोलली:

“तुम्ही आधी आंघोळ केली तर तुमचे देव रागावतात का? हे आयुष्यभर आहे, की काही महिने?”

मी म्हटलं, कसले देव?

त्या गोंधळल्या. परत बोलल्या. मोबाइल बोलला:

“तुमच्या देशातल्या सरांनी सांगितले. तुमच्या समाजात सर्वांच्या नंतर पाण्याला हात लावण्याचा नियम आहे. आधी लावला तर तुम्हाला पाप लागते. टब घासणे हे तुमच्या घराण्याचे काम आहे, म्हणून अडवू नये. आम्ही तुमच्या धर्माचा मान ठेवला. पण तुम्हाला थंड पाणी मिळते, याचे मला वाईट वाटते.”

मला सांगितलं, त्यांना हवंय. त्यांना सांगितलं, याला हवंय. आणि आम्ही तिघं वीस दिवस एकमेकांचा मान ठेवत बसलो. मी भिंतीच्या अलीकडे, ती दोघं पलीकडे. एका फोनवर. बसल्या जागी. ना आवाज चढवला, ना शिवी दिली. ज्या घरात या गोष्टीला शब्दसुद्धा नव्हता, त्या घराच्या न्हाणीघरात एका माणसाने ती वाकून नमस्कार करत बसवून दिली.

आणि सगळ्यात संताप कशाचा? ती बसली. माझ्यात जागा होती म्हणून बसली. चार हजार मैल लांब येऊन मी पहिल्या संध्याकाळी बूच ओढलं, तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. काकांनी फक्त वेळापत्रक लावून दिलं.

ओकाआसानना मी तेव्हा “उद्या सांगतो,” एवढं मोबाइलमध्ये बोललो.

दुसऱ्या दिवशी रविवार. कागदाचा रविवार. ओकाआसानची सायकल घेऊन हिगाशी-कसाईला गेलो. काकांकडे आठ-दहा मंडळी होती. बँकेतले दोघं सहकुटुंब, संशोधन करणारं एक नवरा-बायकोचं जोडपं, आणखी कोणी. पानं मांडली होती. मला बघून काका खुलले.

“आला! अरे सांग ती बुचाची गोष्ट. ऐका हो, पोट दुखेल तुमचं.”

मी सांगितली. मन लावून सांगितली. भांग, टॉवेल, “आरा”. सगळे हसले. संशोधक बाईंनी तर डोळ्यांतलं पाणी पुसलं.

“पण बूच का ओढलं, ते राहिलं,” मी म्हणालो.

“का?” कोणीतरी हसतच विचारलं.

“चौथीत होतो. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी गुरुजी रविवारी घरी शिकवायचे. गावात घर, ओढ्याच्या अलीकडे. उन्हाळा. टँकर चार दिवसांनी यायचा. परसात सिमेंटचा हौद होता, काठोकाठ. मला तहान लागली. मी तांब्या हौदात बुडवला आणि प्यायलो. गुरुजींच्या बायकोने पाहिलं. ओरडल्या नाहीत. आल्या, तळाच्या भोकातला चिंधीचा बोळा ओढला. सगळं पाणी गटारात. झाडांनासुद्धा नाही. मग माझ्या हातात काथ्या दिला. म्हणाल्या, ‘घास.’ मी हौदात उतरून घासला. तासभर. त्या वरून बघत होत्या. म्हणाल्या, ‘चांगलं घासतोस की.’

“आता मजा ऐका. मी खूश झालो. बाईंनी शाबासकी दिली म्हणून पळत घरी गेलो आणि आईला सांगितलं. आईने मला हाताला येईल त्याने मारलं. मग स्वतःच भिंतीला टेकून रडत बसली. त्या दिवशी सकाळी टँकरवर दोन तास भांडून तिला दोन घागरी मिळाल्या होत्या.

“म्हणून ओढलं बूच. मी उतरलेलं पाणी दुसऱ्याच्या अंगाला लागायच्या आत सोडायचं आणि भांडं घासायचं, हे माझ्या हाताला पाठ आहे. ती शिवाशिवीची पोथी डोक्याने कधीच फेकली. हाताने नाही फेकली. आमच्या घरात निळ्या चौकटीतली तसबीर आहे, पाण्यासाठी आमच्या माणसांनी काय काय सोसलं ते मला तोंडपाठ आहे, त्यावर मी कॉलेजात भाषणं ठोकलीत. बक्षिसं मिळवलीत. आणि इथे येऊन काय केलं? बूच ओढलं.”

कोणी हसत नव्हतं.

“आणि काका, त्या बाईंनी निदान बोळा स्वतःच्या हाताने ओढला. तुम्ही फोन केलात. ओकाआसाननी काल मला सगळं सांगितलं. मला पाप लागतं म्हणे. आमच्या घराण्याचं काम आहे म्हणे.”

काकांनी मंडळींकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “अरे, मी तुझ्या सोयीसाठी... त्यांना समजेल अशा भाषेत सांगावं लागतं. यात जातीचा काय संबंध?”

“जात हा शब्द मी अजून काढलेला नाही.”

“हे बघ, जपानमध्ये जातबीत कोणी मानत नाही. सहा वर्षं राहतोय मी इथे. ही घाण तू आणलीस बरोबर.”

“माझं सामान तेवीस किलो होतं. काट्यावर वजन करून आणलंय. फोन तुमचा होता.”

“आवाज खाली. शेजारी जपानी आहेत.”

“माझा कागद द्या.” मी पानावरून उठलो.

“शिक्का मारलेला नाही अजून.”

“म्हणून मागतोय. कोराच हवा.”

काकांनी खण उघडला. कागद टेबलावर टाकला, हातात दिला नाही. “खोली मिळायची नाही तुला. परक्याला इथे कोणी जामीन राहत नाही. पस्तावशील.”

“राहीन पस्तावत.”

काकू उठल्या. “अरे, पानावरून उठू नये. जेवून तरी जा.” त्यांच्या हाताशी तुपाची वाटी होती. मी वाकलो, वाटी उचलली, माझ्या भातावर दोन चमचे घेतले. चार घास उभ्यानेच खाल्ले. तूप चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. मग वाटी टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवली, सगळ्यांचा हात पोचेल अशी. दाराशी बसून बूट घातले. मुद्दाम सावकाश. दोन्ही बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. तेवढ्या वेळात त्या वाटीकडे एकही हात गेला नाही. डोळे पुसणाऱ्या त्या बाईंचाही नाही. त्या भातात बोट फिरवत होत्या.

सायकल दामटत परत आलो. वाटेत दोनदा चुकलो, कारण काही दिसत नव्हतं. रडत होतो का? होतो. अपमानाने नाही. वीस दिवसांच्या रागाने. स्वतःच्या थँक यूच्या रागाने. ओकाआसानच्या दारात सायकल लावेपर्यंत माझ्याजवळ काही गोष्टी नक्की झाल्या होत्या. गाव कुठलं, घर कुठे, असं कोणी आडून विचारलं की मी पुढचं वाक्य त्यांच्यावर सोडणार नाही. स्वतः पुरं करीन, मोठ्याने, जेवायच्या टेबलावर, पहिल्या घासाच्या आधी. तूप मी माझ्या हाताने घेईन. माझ्या वतीने कोणी फोन लावला तर तो हातातून काढून घेईन. आणि हा हात, हा शिकवलेला, शाबासकी मिळालेला हात, साखळीकडे गेला तर दुसऱ्या हाताने धरून ठेवीन. रोज. ही सवय उतरेपर्यंत. रोज करावं लागलं तरी रोज. खोली मिळो न मिळो.

(मिळाली नाही, अजून तरी. दोन दलालांनी कोरा कागद पाहून दारातूनच परत पाठवलं. या घरातले माझे नऊ दिवस उरलेत.)

संध्याकाळी टेबलाशी बसलो. मोबाइल मध्ये. हौदापासून फोनपर्यंत सगळं सांगितलं. मोबाइलमधली बाई जपानीत तितक्याच निर्विकारपणे बोलत राहिली. आजोबांनी टीव्ही बंद केला. मला अश्रू नको होते, खांद्यावर हात नको होता. दोन्ही मिळाले नाहीत.

ओकाआसाननी उठून नळ सोडला. टब भरत आल्यावर विचारलं, “आज पहिला कोण?”

“मी,” मी म्हणालो. जपानीत. हा शब्द मला येत होता.

स्टुलावर बसून अंग घासलं, मग उतरलो. गळ्यापर्यंत. पाणी भाजत होतं. साखळी काठावरून लोंबत होती आणि मी तिच्याकडे बघत बसलो, एखाद्या चावऱ्या कुत्र्याकडे बघावं तसा. हात मांडीखाली दाबून ठेवले. बोटं सुरकुतेपर्यंत बसलो. मग उठलो, झाकण लावलं, बाहेर आलो. पाणी आत होतं. माझं पाणी.

दारात दोघं. खांद्यावर टॉवेल. ओकाआसान आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. हातात बारीक जाळी, मासे धरायची असते तसली. जाळीत काळ्या केसांचा पुंजका. तो त्यांनी माझ्या नाकासमोर धरला आणि मोबाइल लागणार नाही अशा सोप्या जपानीत म्हणाल्या,

“घाणेरडं आहे हे. केवढे केस गळतात तुझे! उद्या आधी डोकं धू, मग उतर.”